नकाशावरची सही

घराच्या नकाशाला चार कोपरे असतात आणि उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात बहुधा एक चौकट असते. त्या चौकटीत मालकाचे नाव, भूखंडाचा क्रमांक, क्षेत्रफळाचा तक्ता, उत्तर दिशा दाखवणारा बाण आणि अगदी शेवटी दोन सह्या असतात. एक मालकाची, दुसरी वास्तुविशारदाची. मालक नकाशा हातात घेतो तेव्हा त्याची नजर दिवाणखाना किती बाय किती यावर जाते. महापालिकेतला अभियंता सामासिक अंतरे मोजतो. बँकेचा अधिकारी मात्र आधी त्या कोपऱ्याकडे पाहतो, कारण त्याला घरात राहायचे नसते, घरावर पैसे द्यायचे असतात. माझी नोकरीची बरीच वर्षे नाशिक रोडच्या परिसरात गृहकर्जाच्या फायली चाळण्यात गेली. त्यामुळे वास्तुकलेकडे मी पाहत आलो तो या कोपऱ्यातून. कोपरा तसा लहान. पण एका व्यवसायाची चाळीस वर्षांतली वाटचाल त्यात मावते.

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की ओळखीच्या दोन-चार घरांतून हमखास विचारणा होते. निवृत्त झालो तरी बँकेचा माणूस म्हणून लोक शैक्षणिक कर्जाची चौकशी करायला येतात, आणि कर्जाचे बोलणे संपले की खरा प्रश्न बाहेर पडतो : ‘साहेब, मुलगी आर्किटेक्चरला जायचं म्हणते. त्यात पुढे काही आहे का?’ ऐंशीच्या दशकात हा प्रश्न आमच्याकडे कोणी विचारत नसे. हुशार मुलाने डॉक्टर व्हावे, इंजिनिअर व्हावे, नाही तर प्रेसमध्ये किंवा बँकेत चिकटावे, अशी साधी वाटणी होती. आज नाशिकमध्येच वास्तुकलेची महाविद्यालये आहेत, देशभरात त्यांची संख्या चारशेच्या आसपास आहे. ‘नाटा’ ही अभिरुची चाचणी २००६ पासून सुरू आहे. तेव्हा आईबापांनी विचारणे साहजिकच. मात्र ‘आहे’ हे उत्तर जितके अर्धे, तितकेच ‘नाही’ हेही अर्धे. पूर्ण उत्तर द्यायचे तर हा माणूस नेमके काय करतो, इथूनच सुरुवात करावी लागते.

कारण मुळात आपल्याकडे त्याची ओळखच धड नाही. जेल रोडला, उपनगरला किंवा विहितगावात घर बांधणारा माणूस आर्किटेक्टलाही ‘इंजिनिअरसाहेब’च म्हणतो. घराचा नकाशा काढतो तो इंजिनिअर, ही आमची व्याख्या. कायद्याने वेगळी व्याख्या केली ती १९७२ साली. त्या वर्षीच्या वास्तुविशारद अधिनियमाने वास्तुकला परिषद स्थापन झाली, नोंदणी सुरू झाली आणि नोंदणी नसलेल्याने स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेण्यास बंदी आली. पदवी नसली तरी आधीची पाच वर्षे हा व्यवसाय करणाऱ्यांना त्या वेळी नोंदणीची वाट ठेवली होती, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. अनुभवी हाताला कायद्याने दिलेला तो मान होता. पण या कायद्यात एक खोच आहे. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती स्पष्ट केली : कायदा संरक्षण देतो ते ‘आर्किटेक्ट’ या उपाधीला, इमारतीचा आराखडा करण्याचे काम फक्त आर्किटेक्टनेच करावे, असे तो म्हणत नाही. वकिलाशिवाय दुसऱ्याला वकिली करता येत नाही, डॉक्टरशिवाय दुसऱ्याला औषधोपचार करता येत नाहीत. घर मात्र कोणीही आखून द्यावे! पाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातले एक सत्र एखाद्या कार्यालयातली उमेदवारी, मग नोंदणी, आणि एवढे करून हाती येते ते एक नाव. त्या नावाला किंमत आणायची ती ज्याची त्याने.

ही किंमत पूर्वी कशी येत असे, ते मी पाहिले आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा नाशिक रोड-देवळाली नगरपालिका नाशिक महापालिकेत विलीन होऊन फार दिवस झाले नव्हते. महापालिका १९८२ ची. प्रेसमधले, रेल्वेतले, तोफखान्याच्या केंद्रातले नोकरदार सोसायट्यांतून छोटे भूखंड घेत होते आणि बँकेकडे येत होते. फायलीत सातबारा, बिनशेतीचा आदेश, वकिलाचा टायटल सर्च, बांधकाम प्रारंभाचा दाखला, खर्चाचे अंदाजपत्रक आणि निळसर रेघांचा नकाशा. अमोनिया प्रिंटचा तो उग्र वास फाइल उघडली की नाकात जाई. मूळ नकाशा ट्रेसिंग पेपरवर, शाईने काढलेला. टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, रॉट्रिंगचे पेन. रेघ चुकली तर ब्लेडने हलकेच खरवडायची. जास्त खरवडले की कागद फाटणार. एक भिंत सहा इंच सरकवायची तर अर्धा दिवस जाई. म्हणून माणूस रेघ मारण्याआधी विचार करी. चुकीची भिंत महाग होती, हे त्या कागदाचे मोठेच उपकार म्हणायचे.

त्या काळात आमच्या भागात काम करणारे एक वास्तुविशारद होते. त्यांनी नकाशे काढून दिलेल्या घरांच्या फायली माझ्याकडे येत. एकदा प्रेसमधला एक कामगार कर्जासाठी आला. सहज बोलताना म्हणाला, ‘आमच्या साहेबांनी नकाशाच्या आधी मला विचारलं, तुम्ही दिवसा झोपता कुठे?’ त्याला रात्रपाळी असायची. भाड्याच्या दोन खोल्यांत मुले आरडाओरडा करीत, बायको भांडी घाशी, आणि हा कानावर उशी दाबून पडे. वास्तुविशारदाने त्याला मागच्या बाजूला, उत्तरेला, स्वयंपाकघरापासून लांब एक लहानशी खोली दिली आणि रस्त्याकडच्या बाजूला जिना आणून आवाज अडवला. साडेपाचशे चौरस फुटांचे घर. त्यात हा विचार. अंदाजपत्रकात त्याचा वेगळा रुपयाही नव्हता. तो प्रश्न विचारणे हेच त्या माणसाचे शिक्षण होते. जागेची आखणी आपल्या डोळ्यांदेखत फक्की टाकून करून घेणे, जोत्याच्या पातळीला येऊन उभे राहणे, स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी सळई मोजणे, ही बाकीची कामे.

गृहकर्ज टप्प्याटप्प्याने दिले जाते : जोते, लिंटल, स्लॅब, गिलावा. प्रत्येक टप्प्याला काम झाल्याचा दाखला लागतो. याच गृहस्थांनी एकदा एका घराच्या स्लॅबचा दाखला द्यायचे नाकारले. सळई नकाशाप्रमाणे नव्हती. मालक तावातावाने बँकेत आला. ठेकेदाराचे पत्र आणले आहे, त्यावर पैसे सोडा म्हणाला. पैसे सुटले नाहीत. आठवडाभर काम बंद राहिले, सळई बदलली, मग सही आली. मालकाने नंतर कित्येक महिने त्या वास्तुविशारदाशी अबोला धरला होता. पण पुढे त्याच्या भावाने घर बांधले तेव्हा नकाशा यांच्याकडूनच काढून घेतला. व्यवसाय उभा राहतो तो असा. जाहिरात करायला या व्यवसायात पूर्वापार मज्जावच होता; न केलेली सही हीच काय ती जाहिरात.

या व्यवसायाची आपल्याकडची परंपरा लहान नाही. जुन्या नाशकातल्या वाड्यांवर कोणाची सही नाही. गवंडी, सुतार आणि पाथरवटांनी ते उभे केले. ओटा, ओसरी, चौक, माजघर यांतून ऊन-वारा नेमका कुठे घ्यायचा ते त्यांना पाठ होते, आणि घर खचले तर जाब विचारायला गवंडी पुढच्या आळीतच राहत असे. शहर वाढले, गवंडी आणि मालक यांची ओळख तुटली, तेव्हा मधे जबाबदार माणसाची गरज पडली. मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात आधी ड्राफ्ट्समन घडवण्यासाठी वर्ग निघाले, त्यातून पुढे वास्तुकलेचे शिक्षण आकाराला आले. १९२९ साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स हे नाव घेऊन या मंडळींची संघटना उभी राहिली. गजानन म्हात्रे यांच्यासारख्या मराठी वास्तुविशारदाने मरीन ड्राइव्हवर १९३७ साली ‘सूना महल’ बांधला. मुंबईतल्या आर्ट डेको इमारतींच्या समूहाला २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यातले बरेचसे श्रेय अशा भारतीय वास्तुविशारदांचे. आणि त्या इमारती म्हणजे राजवाडे नव्हेत, भाड्याने राहणाऱ्या मध्यमवर्गाचे फ्लॅट आहेत. सिंधुदुर्गातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे जे. जे. मधून शिकून हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस यांच्याकडे गेले आणि परत येऊन त्यांनी आयआयटी कानपूरचा परिसर घडवला. पेरिन मिस्त्री १९३६ साली जे. जे. मधून वास्तुविशारद झाल्या. देशातल्या या क्षेत्रातल्या त्या पहिल्या स्त्रियांपैकी एक. आज वर्गात मुली मुलांच्या बरोबरीने, कुठे कुठे अधिकच असतात.

मग बदलले काय? बहुतेक लोक म्हणतील, संगणक आला. ते खरे आहे. पण माझ्या मते त्याआधी बदलला तो गिऱ्हाईक. ऐंशीच्या दशकात नकाशाखाली सही करणारा मालक त्या घरात राहणार होता. नव्वदच्या दशकात भूखंड महाग झाले, बंगल्यांच्या जागी अपार्टमेंट उभी राहू लागली आणि मालकाच्या जागी बिल्डरची सही आली. वास्तुविशारदाची फी देणारा एक आणि घरात राहणारा दुसरा, अशी फारकत झाली. फी देणाऱ्याचा प्रश्न ‘दिवसा झोपता कुठे’ हा नव्हता. ‘चटईक्षेत्र किती बसेल’ हा होता. वास्तुविशारदाचे कसब नियमांच्या पुस्तकातून जास्तीत जास्त चौरस फूट काढण्यात खर्ची पडू लागले. हेही कसबच आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. फक्त बाल्कनी आधी बंद करायची आणि मग तिला खोली म्हणायचे, या कामासाठी पाच वर्षे शिकावे लागत नाही.

संगणकाने या बदलाला वेग दिला. ऑटोकॅड १९८२ चे. आमच्याकडे ते पोहोचले नव्वदच्या दशकात. ट्रेसिंग पेपर गेला, ब्लेड गेले आणि त्याबरोबर ड्राफ्ट्समन नावाचा एक अख्खा थर गेला. सुंदर अक्षराची, पक्क्या हाताची ही माणसे; त्यांतली काही पुढे झेरॉक्सच्या दुकानांत दिसली. भिंत सरकवणे क्षणाचे काम झाले, हे उत्तमच. पण अख्खी इमारत उचलून दुसऱ्या भूखंडावर ठेवणेही क्षणाचे झाले. एकाच फ्लॅटचा नकाशा पूर्वेच्या रस्त्यावरही आणि पश्चिमेच्या रस्त्यावरही मी फायलींतून पाहिला आहे. कागदावर काही बिघडत नाही. एप्रिलमध्ये नाशिकचे ऊन दुपारभर पश्चिमेच्या बेडरूममध्ये ठाण मांडून बसते, तेव्हा वीस वर्षांचे हप्ते भरणाऱ्याला ते कळते. तो एसी घेतो, विजेचे बिल भरतो आणि दोष उन्हाळ्याला देतो.

आता तर चित्र काढायलाही माणूस लागेनासा झाला आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेला चार ओळी सांगितल्या की ती घराचे देखणे चित्र पुढ्यात ठेवते. घरमालक मोबाइलवर असे चित्र घेऊन येतो आणि म्हणतो, ‘हे बांधून द्या.’ त्या चित्रात खांब कुठे आहेत, पावसाचे पाणी कुठून उतरणार, म्हातारी आई जिना कसा चढणार, हे नसते. मालकाला सल्ला देणाऱ्यांचीही कमी नाही. वास्तुशास्त्राचे सल्लागार गेल्या तीस वर्षांत असे फोफावले की, मंजूर नकाशातला संडास ईशान्येकडून हलवण्यासाठी लोक फाइल पुन्हा महापालिकेत पाठवतात. मी एका ओळखीच्या आर्किटेक्टला विचारले, तुम्ही यावर वाद घालत नाही का? तो म्हणाला, ‘त्यांची फी रोख मिळते, माझी हप्त्याने. वाद कोणत्या तोंडाने घालू?’

विनोद बाजूला ठेवू. फी हाच या व्यवसायाचा दुखरा भाग आहे. कर्ज मागायला आलेल्या तरुण आर्किटेक्टचा ताळेबंद बँकेला कोड्यात टाकतो. गोदामात माल नाही, यंत्रे नाहीत. दोन संगणक, एक प्लॉटर आणि येणे असलेली फी. ही येणी कधी येतील ते कोणी सांगू शकत नाही. नकाशा मंजूर झाला की मालकाला वाटते, काम झाले, पुढचे पैसे कशाला? म्हणून पहिली काही वर्षे कोणाच्या तरी कार्यालयात तुटपुंज्या पगारावर काढावी लागतात. कोणी अंतर्गत सजावटीकडे वळतो, कोणी परदेशातल्या कार्यालयांसाठी संगणकावर इमारतींचे त्रिमितीय आराखडे करून देतो, कोणी लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन नगररचना विभागात जातो. ही सगळी कामे चांगली आहेत. वाईट वाट एकच, आणि ती सगळ्यांत सोपी : सही भाड्याने देणे. नकाशा दुसऱ्यानेच काढायचा, जागा पाहायची नाही, मालकाला भेटायचे नाही, फायलीमागे ठरलेली रक्कम घ्यायची आणि कोपऱ्यात सही करायची. अशा सह्या मी ओळखू लागलो होतो. एकाच आठवड्यात तीन वेगवेगळ्या टोकांच्या जागांवर एकच माणूस ‘प्रत्यक्ष पाहणी केली’ म्हणून लिहितो, तेव्हा ते ओळखायला वास्तुकला यावी लागत नाही.

गंमत अशी की, कायदा नेमका उलट दिशेने निघाला आहे. स्थावर संपदा कायदा मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला आणि महारेरा आले. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि काम जितके झाले त्या प्रमाणातच त्यातून काढायचे, असा नियम झाला. काम किती झाले हे कोण सांगणार? वास्तुविशारद, अभियंता आणि सनदी लेखापाल. म्हणजे जोते आणि स्लॅबचा आमचा जुना दाखला आता हजारो कुटुंबांच्या ठेवीचा राखणदार झाला. डिसेंबर २०२० मध्ये राज्यातल्या बहुतेक शहरांसाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. नकाशे संगणकावर सादर होतात, संगणकच नियम ताडून पाहतो. लहान भूखंडांच्या बाबतीत तर परवानगीची रीत सोपी करून तज्ज्ञाच्या सहीवर अधिक भार टाकला आहे. म्हणजे चित्र यंत्र काढणार, नियम यंत्र तपासणार. मग माणसाच्या वाट्याला काय उरले? विचारणे, जागेवर जाऊन उभे राहणे आणि सही करणे किंवा न करणे. चाळीस वर्षांपूर्वी त्या वास्तुविशारदाकडे जे होते, तेच.

हे उरलेले काम लहान नाही, हे पाहायचे असेल तर पुण्यात जन्मलेल्या, जे. जे. मध्ये शिकलेल्या बाळकृष्ण दोशींचे उदाहरण घ्यावे. २०१८ साली त्यांना प्रित्झकर पारितोषिक मिळाले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. जगाने ज्यासाठी त्यांना नावाजले त्यात इंदूरची ‘अरण्य’ ही वसाहत आहे. ऐंशीच्या दशकात गरीब कुटुंबांसाठी आखलेल्या या वसाहतीत दोशींनी अनेक भूखंडांवर पूर्ण घर दिलेच नाही. जोते, पाण्याची आणि संडासाची सोय, फार तर एक खोली, एवढे दिले. काही नमुन्याची घरे बांधून दाखवली आणि बाकीचे ज्याने त्याने पैसा येईल तसे वाढवावे म्हणून सोडले. ओटे कुठे असतील, गल्ली कुठे रुंदावेल, झाडाखाली बायका कुठे बसतील, हे मात्र आधी ठरवले. मी आयुष्यभर जोत्याला कर्जाचा पहिला टप्पा समजत आलो. इथे एका मोठ्या वास्तुविशारदाने आपले काम बऱ्याच अंशी जोत्याशी थांबवले होते. काय बांधायचे नाही, हे ठरवायला शिक्षण लागते ते असे.

आमच्याकडेही हे घडते, लहान प्रमाणात. जेल रोडजवळ एका निवृत्त गृहस्थांना जुने घर पाडून भूखंडावर जेवढे बसेल तेवढे बांधायचे होते. वरचे दोन मजले भाड्याला द्यायचे. एका तरुण आर्किटेक्ट मुलीने नकाशा दिला, त्यात मागचे आंब्याचे झाड आणि तळमजल्यावर आजीबाईंची खोली ठेवली होती, संडास दाराशीच. एक भाड्याची खोली त्यात गेली. गृहस्थ चिडले, दुसऱ्याकडून नकाशा काढून आणतो, तू फक्त सही कर, म्हणाले. ती म्हणाली, ‘काका, दुसऱ्यांचा नकाशा असेल तर सहीही त्यांचीच घ्या.’ ते दुसऱ्याकडे गेले, महिन्याने परत आले. खोलीच्या भाड्याचा आणि जिना न चढता येणाऱ्या आईचा हिशेब त्यांनी मधल्या काळात घरात बसून केला असावा. साइटवर पहिले काही दिवस मुकादम तिचे ऐकेना. सूचना गृहस्थांकडे पाहून विचारी. तिने ओळंबा स्वतः लावून वाकडी भिंत दाखवली, तेव्हापासून तो तिला ‘मॅडम’ म्हणू लागला.

तेव्हा, ‘पुढे काही आहे का?’ या प्रश्नाला मी आता असे उत्तर देतो. नोकरीच्या पॅकेजचा हिशेब करत असाल तर पाच वर्षे आणि फीचा आकडा मांडून पाहा. पहिली पाच-सात वर्षे कर्जाचा हप्ता जड जाईल, हे गृहीत धरा. मुलीची चित्रकला चांगली आहे, एवढ्यावर पाठवू नका. चित्रे आता यंत्रही काढते. तिला लोकांच्या घरात डोकावायची सवय आहे का, कुठे ऊन येते, कुठे आजोबा खुर्ची ओढून बसतात हे तिच्या लक्षात येते का, ते पाहा. आणि मोठ्या माणसाला, विशेषतः पैसे देणाऱ्या माणसाला, ती शांतपणे नाही म्हणू शकते का, तेही पाहा. आपण घर बांधणाऱ्यांनीही थोडे शिकायला हवे. फॉल्स सीलिंगला आणि दरवाजाच्या नक्षीला हात आखडता न घेणारे आपण आर्किटेक्टच्या फीत घासाघीस करतो, आणि मग सही स्वस्त झाली म्हणून कुरकुरतो.

यंदा आलेल्या बापलेकींना मी कर्जाचा अर्ज देण्याआधी एक काम सांगितले. प्रवेशाला अजून महिना आहे. मुलीला रोज सकाळी एखाद्या चालू बांधकामावर नेऊन उभी कर. सेंटरिंग लागताना, सळई बांधताना, स्लॅबवर पाणी मारताना तिने नुसते बघावे आणि गवंड्याला प्रश्न विचारावेत. महिन्याने ती उन्हाला कंटाळली नसेल तर अर्ज घेऊन या. बाप जरा नाराज दिसला. मुलीने मात्र लगेच विचारले, ‘काका, बांधकाम सकाळी किती वाजता सुरू होतं?’